एक येणारी, एक थांबणारी

गुरुशांत हत्तुरे यांनी अंगाला गादी बांधून घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरातल्या एकाही माणसानं त्यांना अडवलं नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. ज्यांचं नवी पेठेत ब्लाउजपीसचं मॅचिंग सेंटर आहे, ज्यांना मोरपंखी आणि गर्द मोरपंखी यांतला फरक ट्यूब न लावता कळतो, अशा माणसानं पोटाला कापसाची गादी आणि डोक्याला स्कूटरचं हेल्मेट लावून गच्चीवर उभं राहावं, आणि बायकोनं फक्त एवढंच म्हणावं, "अहो, ती नको, ती पाहुण्यांची. जुनी घ्या की"?

पण इलाज नव्हता. मुलीची, म्हणजे काव्याची, बॉक्सिंगची जिल्हा निवड लढत महिन्यावर आली होती. तिच्या वजनाच्या मुली अख्ख्या जिल्ह्यात दोनच. त्यामुळे पहिली लढत तीच शेवटची, आणि जिंकेल ती सरळ राज्याला. दुसरी मुलगी वैरागची विजयमाला. तिनं गेल्या वर्षी काव्याला हरवलं होतं. काव्या तेव्हा घरी येऊन रडली नाही, कुणावर चिडली नाही, फक्त आठवडाभर जेवताना ताटाकडे बघून म्हणत राहिली, "मी तिला रिंगच्या दोरापर्यंत येऊच कसं दिलं?" हे वाक्य गुरुशांतांच्या डोक्यात वर्षभर घुमत होतं.

काव्याचे कोच हरिबा सर फौजेतून निवृत्त झालेले. एका दुपारी ते दुकानात आले आणि काउंटरवर दोऱ्याच्या दोन रिळी ठेवून त्यांनी गुरुशांतांना सगळं समजावलं.

"हे बघा शेट. ही पांढरी रीळ म्हंजे काव्या. ती थांबणारी हाय. समोरचीला येऊ देती, तिचा हात हुकला की मारती. ही लाल विजयमाला. ती येणारी. मार खाल्ला तरी येती, न्हाई खाल्ला तरी येती. आता येणारी पुढं आली की थांबणारी काय करती? मागं सरती. सरळ मागं सरली की पाठीला दोर." लाल रिळीनं पांढरीला ढकलत ढकलत काउंटरच्या कडेला नेलं आणि ती खाली पडून गिऱ्हाइकाच्या पायाशी गेली. "संपला खेळ."

"मग करायचं काय?"

"सरळ मागं न्हाई सरायचं. बाजूला वळायचं. पण ते तोंडानं सांगून येत न्हाई. रोज कुणीतरी तसंच अंगावर यायला पायजे."

"तुमच्या क्लबात मुली आहेत की."

हरिबा सर जरा ओशाळले. त्यांच्या क्लबातल्या सगळ्या मुली त्यांनीच शिकवलेल्या, आणि सर स्वतः थांबणारे. त्यामुळे त्यांच्या दोन मुली समोरासमोर आल्या की पंगतीत दोन व्याही 'आधी तुम्ही बसा' म्हणत उभे राहावेत तसं व्हायचं.

"मी येतो," गुरुशांत म्हणाले.

"कुटं?"

"अंगावर."

हरिबा सरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. गुरुशांतांच्या आयुष्यात कोणाच्या अंगावर जाण्याचा प्रसंग म्हणजे सिटीबसमध्ये चढताना, आणि तिथेही ते बहुधा खालीच राहायचे. पण सर फौजी होते. माणूस स्वतःहून पुढे आला की त्याला नाही म्हणायचं नसतं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

*

पहिल्या सकाळी बापलेक गच्चीवर समोरासमोर उभे राहिले. गादी भुवनेश्वरीनं, म्हणजे गुरुशांतांच्या बायकोनं, नायलॉनच्या दोरीनं बांधली होती आणि वर साडीसारखी गाठ मारली होती. शेजारचे वीरभद्रप्पा काका पाणी सोडायला वर आले होते, ते पाणी सोडायचं विसरून टाकीला टेकले. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले आणि सध्या सोसायटीचे सेक्रेटरी. सल्ला देण्यासाठी त्यांना विषयाची माहिती लागत नसे.

"गुरुशांत, पाठीला पण बांध बे."

"काका, ती समोरून मारणार आहे."

"तू पळशील तेव्हा?"

याला उत्तर देणं गुरुशांतांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी मान खाली घातली, कोपरं पोटाशी घेतली आणि "बसवण्णा!" म्हणून ते निघाले. काव्या सरळ मागे सरली. पाठीला पाण्याची टाकी लागली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा मात्र ती अचानक डाव्या पायावर वळली आणि बाजूला झाली, अगदी सर सांगत होते तशी. गुरुशांतांना थांबायचं कसं हे कोणी शिकवलं नव्हतं. ते तसेच पुढे गेले आणि वीरभद्रप्पा काकूंनी जुन्या धोतरावर वाळत घातलेल्या सांडग्यांवर छातीनं आडवे झाले.

"वळली! सर, वळली!" असं ते हेल्मेटच्या आतून ओरडत होते. सर तिथे नव्हते. काकू होत्या.

त्या संध्याकाळी खाली फळ्यावर सूचना लागली: 'गच्चीवर मारामारी करू नये. हुकमावरून.' गुरुशांत सूचना वाचून सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरी सकाळी टाकीला टेकून हसत होता, तोच संध्याकाळी चष्मा लावून म्हणाला की नियम तो नियम, लेखी अर्ज करावा लागेल, आणि अर्जात प्रयोजन स्पष्ट लिहावं. दोन दिवस विचार करून गुरुशांतांनी प्रयोजन लिहिलं, 'मुलीकडून मार खाणेकरिता.' समितीत अर्ज एकमतानं मंजूर झाला. इतकं एकमत त्या सोसायटीत लिफ्टच्या बाबतीतही कधी झालं नव्हतं. देखरेखीसाठी म्हणून समितीचे सगळे सभासद रोज सकाळी वर येऊन बघून जाऊ लागले.

काव्या सुधारत होती. हे आरशात दिसत होतं, कारण गुरुशांतांचा डावा डोळा काळानिळा झाला होता. दुकानात बायका कापड बघायच्या आधी डोळा बघत. एकीनं तर त्या डोळ्याशी जुळणारी वांगी छटा मागितली. गुरुशांतांनी ती निमूटपणे काढून दिली, कारण ती खरोखरच जुळत होती.

खरी कुचंबणा झाली ती सरकारी दवाखान्यात. लढतीसाठी काव्याचा फिटनेसचा दाखला लागत होता. बाप मुलीला घेऊन रांगेत उभा राहिला. सिस्टरनं मुलीकडे बघितलंच नाही.

"डोळ्याला काय झालं तुमच्या?"

"लागलं."

"कशानं?"

"हातानं."

"कोणाच्या?"

"माझ्या," काव्या प्रामाणिकपणे म्हणाली.

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. "मुलगी मारते तुम्हाला?"

"रोज सकाळी," गुरुशांत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला अभिमान लपेना. "आधी एवढं लागत नव्हतं हो. आता आता लागायला लागलंय."

सिस्टरनं ड्युटीवरच्या हवालदाराला बोलावलं. हवालदार सहृदय होता. त्यानं गुरुशांतांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "घाबरू नका काका. काही तक्रार आहे का मुलीबद्दल?"

गुरुशांतांनी विचार केला. "तक्रार एवढीच," ते म्हणाले, "डावा हात जरा उशिरा येतोय."

शेवटी हरिबा सरांना फोन लावून सगळा उलगडा झाला. काव्याला दाखला मिळाला. बापाला विश्रांतीचा सल्ला मिळाला, तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गादी बांधली.

*

एके सकाळी हरिबा सर स्वतः गच्चीवर आले. त्यांनी गुरुशांतांचं येणं बारकाईनं पाहिलं आणि मान हलवली.

"शेट, तुमी येताय. पण विजयमाला अशी येत न्हाई. तुमी लग्नाला आल्यासारखं येताय."

"मग ती कशी येते?"

इथे मोठीच अडचण होती. गेल्या वर्षीची लढत भुवनेश्वरीनं मोबाईलवर पूर्ण टिपली होती. सगळ्यांनी ती बघितली. पडद्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एक गोल, मध्यभागी विरळ होत चाललेलं डोकं दिसत होतं. ते अधूनमधून डावीकडे कलायचं, तेव्हा उजवीकडे एक ग्लोव्ह चमकून जायचा.

"कोण हा मूर्ख?" हरिबा सर चिडून म्हणाले.

भुवनेश्वरीनं नवऱ्याकडे बघितलं. गुरुशांतांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला.

म्हणून त्यांना वैरागला जाणं भाग पडलं. दुकान भुवनेश्वरीवर सोपवून, खांद्याला शेडकार्डाची पिशवी लावून ते बार्शीकडे जाणाऱ्या एसटीत बसले. कोणी विचारलंच तर गावातल्या दुकानांच्या ऑर्डरी घ्यायला आलो असं सांगायचं ठरलं होतं. कोणी विचारलं नाही, तरी त्यांनी कंडक्टरला सांगितलं, शेजारच्या म्हातारीला सांगितलं, आणि वैरागच्या स्टँडवर उसाचा रस पिताना रसवाल्यालाही सांगितलं. मग शाळेमागच्या पत्र्याच्या हॉलपाशी जाऊन, खिडकीच्या गजांना नाक लावून ते उभे राहिले.

आत विजयमाला सराव करत होती. बुटकी, रुंद खांद्यांची, कपाळावर केस चिकटलेले. पण ती येत नव्हती. ती थांबली होती. समोरचा मुलगा येत होता, आणि ती मागे सरून मारत होती. गुरुशांतांनी डोळे चोळले. दुखरा डोळा चोळला गेल्यामुळे ते "आई गं" म्हणाले.

"लई लागलंय जनू," मागून आवाज आला.

मागे फेट्यातला एक उंच माणूस उभा होता. त्यानं गुरुशांतांकडे टक लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "तुमी म्याचिंगवाले न्हवं? नवी पेटेतले?"

"नाही. म्हणजे हो. ऑर्डरी घ्यायला आलोय."

"मी अजिनाथ. विजूचा बाप. या की, च्या घेऊ."

अजिनाथांची मेंढरं होती, थोडी शेती होती, आणि चहा नुसत्या दुधाचा होता. दारातल्या बाजेवर बसून त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, की महिन्यामागे ते खास गुरुशांतांच्या दुकानात येऊन गेले होते.

"का?"

"बाप बगायला. लेकराचा सोभाव बापात दिसतोय. म्या ढीगभर कापडं उलथली, तुमी येक शबुद बोलला न्हाईत. नुसतं बगत बसला. आन म्या उटाय लागलो, तसं हळूच येक कापड फुडं सारून म्हनला, 'हे घ्या, तुमचं हेच.' आन तेच निगालं की! घरी येऊन म्या विजूला म्हनलं, पोरी, ही मान्सं वाट बगनारी हायती. फुडं गेलीस की घावलीस. आवंदा जायचं न्हाई. थांबायचं. तिलाच येऊ दे."

गुरुशांतांनी कप खाली ठेवला. म्हणजे इकडे एक बाप गादी बांधून येणारीला तोंड द्यायला शिकवतोय, आणि येणारी तिकडे थांबायला शिकतेय! "पण तुम्ही हे मला का सांगताय?" त्यांनी न राहवून विचारलं.

"इचारलं तुमी," अजिनाथ म्हणाले. वास्तविक गुरुशांतांनी विचारलं नव्हतं.

परतीच्या एसटीत त्यांचं डोकं भणाणून गेलं. दोघीही थांबल्या तर लढत होणार कशी? काव्याला पुढे जायला सांगावं, तर ती थांबणाऱ्या विजयमालेच्या हातात आयती जाणार. आणि हे सगळं खोटं असेल, विजयमाला नेहमीसारखी येणार असेल, तर? रात्री जेवणं झाल्यावर वीरभद्रप्पा काकांनी प्रकरण ऐकून घेतलं.

"आपला डाव समोरच्याला सांगणारा माणूस एक तर साधा असतो," काका म्हणाले, "नाहीतर लई पोचलेला."

"यातला कुठला?"

"चहा कसला पाजला?"

"नुसत्या दुधाचा."

"मग पोचलेला."

हरिबा सरांचं मत वेगळं होतं. "बाप काय बी शिकवू दे. दोन ठोसे नाकावर बसले की मानूस मूळ सोभावावर येतोय. विजयमाला येणार. तुमी तुमचं काम करा."

काव्या मात्र हाताला पट्ट्या गुंडाळत सगळ्यांचं ऐकून घेत होती. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, सकाळी गच्चीवर येणार ना? तेवढं या."

ते गेले. शेवटच्या आठवड्यात ते लग्नाला आल्यासारखे येत नव्हते. पडायचे, हेल्मेट सरळ करायचे आणि पुन्हा यायचे. मार बसला तरी यायचे. गादीतला कापूस एका बाजूनं बाहेर आला, भुवनेश्वरीनं तिथे अस्तराचा तुकडा लावला, तोही गादीशी रंग जुळवून. सोसायटीतल्या लोकांना हसायचा कंटाळा आला आणि ते सांगायला लागले, "काव्या, डावा! डावा लवकर!"

*

लढतीच्या दिवशी क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये उकाडा मी म्हणत होता. रिंगभोवती पाच पंच बसले होते. मराठीत पंच म्हणजे निवाडा करणारा आणि बॉक्सिंगमध्ये पंच म्हणजे ठोसा, त्यामुळे वीरभद्रप्पा काका सगळ्यांना विचारत होते, की एकेकीला पाचच मिळतात का. भुवनेश्वरी या वेळी मोबाईल घेऊन पुढच्या रांगेत बसली होती आणि नवऱ्याला तिनं मागच्या रांगेत बसवलं होतं. त्यांच्या शेजारी येऊन बसले ते अजिनाथ. "रामराम म्याचिंगवाले," म्हणाले. गुरुशांतांनी नमस्कार केला, पण तो जरा आखडता घेतला.

घंटा झाली. काव्या थांबली. विजयमालाही थांबली. दोघी एकमेकींकडे बघत गोल गोल फिरू लागल्या. रेफ्री "बॉक्स!" म्हणून ओरडला. दोघींनी हवेत एक एक हात मारून दाखवला आणि पुन्हा फिरू लागल्या.

"अगं, हळदीकुंकवाला आलात का?" मागून कोणीतरी ओरडलं.

अजिनाथांनी गुरुशांतांकडे वळून समाधानानं बघितलं. "सांगिटलं हुतं की न्हाई?" माणूस खरंच साधा होता. पहिली फेरी कुणाची हे पंचांनाही सांगता आलं नसतं. तीन पंचांनी काव्याला दिली, दोघांनी विजयमालेला, बहुधा चेहरे बघून.

दुसऱ्या फेरीत काव्याचा डावा हात विजयमालेच्या नाकावर बसला. लवकर बसला. आणि हरिबा सर म्हणाले होते तेच झालं. महिनाभर थांबायला शिकलेली विजयमाला एका क्षणात सगळं विसरली आणि आली. अशी आली की गुरुशांतांनी मागच्या रांगेत बसल्या बसल्या पोट आत घेतलं. काव्या वळली. पुन्हा आली, पुन्हा वळली, आणि वळता वळता मारून गेली. पण तिसऱ्यांदा वळायला जागाच नव्हती. पाठीला दोर लागले, आणि फेरी संपेपर्यंत विजयमालेचे दोन्ही हात पावसासारखे पडत राहिले. काव्या कोपऱ्यात येऊन बसली तेव्हा तिचा ओठ फाटला होता. गुरुशांतांना उठून जावंसं वाटलं. भुवनेश्वरीनं पुढच्या रांगेतून मागे न बघता म्हटलं, "बसा."

ही फेरी विजयमालेची झाली, म्हणजे सगळं तिसऱ्या फेरीवर आलं.

"विजे!" अजिनाथ उभे राहून ओरडले. "थांब आता! येऊ दे तिला!"

"काव्या!" गुरुशांतही उभे राहिले. "थांब तू! जाऊ नको!"

विजयमाला बापाची आज्ञाधारक मुलगी. ती मागे सरली, हात वर घेऊन उभी राहिली. काव्यानं क्षणभर समोरच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मग तिनं मान खाली घातली, कोपरं पोटाशी घेतली आणि ती निघाली.

गुरुशांतांनी मान पुढे काढून बघितलं. ते येणं त्यांच्या ओळखीचं होतं. डावा खांदा किंचित पुढे, पाऊल जरा फेंगडं, आणि मार बसला तरी न थांबणारं. त्यात ना सरांची शिकवण होती ना कसली ऐट. महिनाभर रोज सकाळी जे समोरून येत होतं, तेच ती आता घेऊन चालली होती.

मागे सरण्याची विजयमालेला सवय नव्हती. महिनाभरात हात थांबायला शिकले होते, पाय शिकले नव्हते. तिचे पाय एकमेकांत अडकले. ती दोरापाशी गेली, सावरून पुढे झेपावली, तर काव्या तिथेच. मार खात होती, देत होती, पण एक पाऊल मागे घेत नव्हती. घंटा झाली तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्यासारख्या उभ्या होत्या, कारण वेगळं उभं राहायला ताकद नव्हती.

रेफ्रीनं दोघींचे हात धरले. पाच पंचांत तीन विरुद्ध दोन. काव्याचा हात वर गेला.

भुवनेश्वरी रडली. वीरभद्रप्पा काका सगळ्यांना सांगत सुटले की पाठीला बांध हा सल्ला त्यांचा. गुरुशांत मात्र जागच्या जागी उभे होते.

"माजं चुकलं," अजिनाथ सावकाश म्हणाले. "पोर आपल्या सोभावानं खेळली असती तर जिंकली असती."

हे ऐकून गुरुशांतांनी मोठ्या मनानं गप्प बसायला हवं होतं. पण त्यांचं तोंड उघडलं. "मुळीच नाही! आली असती तर काव्या वळली असती!"

"दुसऱ्या फेरीत कुटं वळली?"

"दोनदा वळली!"

"तिसऱ्यांदा?"

वाद हॉलमध्ये सुरू झाला, जिन्यात वाढला आणि बाहेर पार्किंगमध्ये रंगात आला. गुरुशांत एकेक मुद्दा मांडत होते आणि मुद्द्यागणिक एकेक पाऊल पुढे टाकत होते. अजिनाथ "बरं, बरं" म्हणत मागे सरत होते. अखेर ते हसायला लागले. "बास की म्याचिंगवाले. माजी पाट जीपला लागली."

गुरुशांत भानावर आले. आजूबाजूला बघितलं तर मुली नव्हत्या.

त्या फाटकाबाहेर भज्यांच्या गाड्यापाशी बाकावर बसल्या होत्या, मध्ये एकच प्लेट. काव्याचा ओठ सुजला होता, तिला चावता येत नव्हतं. विजयमाला भज्यातली मिरची काढून स्वतःच्या तोंडात टाकत होती आणि मऊ भाग मोडून तिला देत होती.

"तुला राज्याला सरावाला कोण हाय?" ती विचारत होती.

"कोणी नाही."

"मी येऊ का?"

काव्यानं मान हलवून हो म्हटलं, कारण तोंड भरलेलं होतं. गुरुशांत आणि अजिनाथ दोघंही बाकापाशी येऊन उभे राहिले. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. भजी घ्या, असंही कोणी म्हटलं नाही.

थोडा वेळ वाट बघून अजिनाथांनी भजीवाल्याला हाक मारली, "आमाला बी दे रं दोन पलेटी."

"एकच," गुरुशांत म्हणाले. "दोघांत पुरे."